हवेच्या चाकाचा कर्ता : जॉन बॉइड डनलॉप

ज्या घरांत सायकल आहे त्या घरांतील मुलांस चाकांतील हवा गेली म्हणजे काय हाल होतात हें सांगावयास नको. सायकल तीच, रस्ता तोच, चालविणारे पायहि तेच; परंतु दोन बोटें जाडीची ती हवेची गादी नाहींशी झाली कीं प्रत्येक खडा हाडांना जाणवूं लागतो, वळणावर पुढचें चाक भलतीकडेच ओढ घेतें, आणि पाव मैल जातां जातां दम लागतो. ही हवा चाक आणि रस्ता यांच्यामध्यें कोंडून ठेवण्याची युक्ति जगाच्या अंगवळणीं पाडली ती एका गुराढोरांच्या डॉक्टरानें. जॉन बॉइड डनलॉप हें त्याचें नांव. नांव सर्वांच्या तोंडीं आहे. आमच्याकडे तर मऊ गादीलाहि लोक डनलॉप म्हणत आले. मात्र त्या नांवामागचा माणूस कसा होता, त्यानें काय केलें, आणि त्याच्या वांट्यास काय आलें, हें वाचकांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल. म्हणून त्याचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

डनलॉपचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजीं स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य भागांत, एअरशायर परगण्यांतील ड्रेगहॉर्न या गांवीं, एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. आपण दिवस भरण्यापूर्वीं दोन महिने जन्मलों असें त्याला सांगण्यांत आलें होतें, आणि त्यामुळें आपली प्रकृति नाजूक आहे अशी त्याची जी समजूत झाली ती जन्मभर गेली नाहीं. तो स्वतःला फार जपे. मौज ही कीं, असा हा नाजूक प्रकृतीचा मनुष्य ८१ वर्षें जगला, आणि अखेरच्या दुखण्यापर्यंत मोठा असा आजार त्याला कधीं झालाच नाहीं.

विल्यम डिक यानें १८२३ मध्यें एडिंबरो येथें स्थापन केलेल्या पशुवैद्यक विद्यालयांत त्याचें शिक्षण झालें, व वीस वर्षांच्या आंतच तो पदवी घेऊन बाहेर पडला. सुमारें आठ-दहा वर्षें मायदेशीं धंदा केल्यावर १८६७ मध्यें तो आयर्लंडांत गेला. प्रथम डाऊनपॅट्रिक या गांवीं त्यानें भावासह दवाखाना घातला, व पुढें बेलफास्ट शहरीं मे स्ट्रीट या रस्त्यावर बिऱ्हाड केलें. १८७१ मध्यें मार्गारेट स्टीव्हन्सन हिच्याशीं त्याचा विवाह झाला. त्यांना एक मुलगा व एक मुलगी झाली. बेलफास्ट हें त्या काळीं तागाच्या कापडाचें व जहाजबांधणीचें मोठें केंद्र होतें, आणि तेथील सारी मालवाहतूक घोड्यांच्या खांद्यावर चाले. डनलॉपचा धंदा त्यामुळें उत्तम चालला. स्वभावानें तो शांत, मायाळू व कुटुंबवत्सल होता. घाईगर्दी त्याच्या अंगीं नव्हतीच. फरसबंदीच्या रस्त्यांवर दिवसभर आपटून आलेले घोड्यांचे पाय तो रोज हातांत घेऊन पाहत असे. रस्ता व चाक यांच्या भांडणाचा विचार त्याच्या मनांत तेव्हांपासून घोळत असावा, असें आम्हांस वाटतें.

तें भांडण काय होतें हें समजल्यावांचून पुढची गोष्ट नीट कळणार नाहीं. आमच्या बैलगाडीच्या चाकाला लोखंडाची धांव असते. धांव टणक आणि रस्त्यावरचा धोंडाहि टणक. दोघांपैकीं एकहि दबत नाहीं. म्हणून गाडीलाच धोंड्यावर चढावें लागतें व पलीकडे दाणकन् उतरावें लागतें. प्रत्येक वेळीं सारें ओझें वर उचलण्याची शक्ति बैलाच्या खांद्यांतून खर्च होते. टांग्याला कमानी बसविल्या म्हणजे बसणाराला धक्का कमी लागतो खरा, पण चाकाला तो लागायचा तेवढा लागतोच. १८८५ मध्यें कॉव्हेंट्री येथील जॉन केंप स्टार्ली यानें दोन सारख्या चाकांची व सांखळीची सायकल बाजारांत आणली. पूर्वींच्या उंच सायकलीवरून माणूस तोंडघशीं पडे, तें भय तिनें घालविलें. परंतु चाक लहान झाल्यामुळें हिसके मात्र वाढले. चाकांवर भरीव रबराच्या पट्ट्या असत. रबर भरीव असल्यामुळें तें फारसें दबत नसे.

डनलॉपचा मुलगा जॉनी तेव्हां नऊ-दहा वर्षांचा होता. त्याची एक तीनचाकी सायकल होती, आणि बेलफास्टच्या दगडी रस्त्यांवर ती चालवितांना तो पोर अगदीं हैराण होई. बापानें १८८७ च्या ऑक्टोबर महिन्यांत प्रयोगास आरंभ केला. एल्मच्या लांकडाची एक वाटोळी तबकडी त्यानें घेतली. पातळ रबराच्या पत्र्याची नळी करून ती तबकडीच्या कडेभोंवतीं बसविली, वरून कापडाचें वेष्टण घालून तें खिळ्यांनीं ठोकलें, आणि फुटबॉल फुगविण्याच्या पंपानें नळींत हवा भरली. वेष्टणाचें कापड बायकोच्या जुन्या झग्याचें होतें असें सांगतात. मग त्यानें एका हातांत मुलाच्या सायकलीचें भरीव रबराचें चाक व दुसऱ्यांत ही तबकडी घेऊन दोन्ही आळीपाळीनें आपल्या गोटेबंद अंगणांतून सोडलीं. भरीव चाक थोडें अंतर जाऊन कलंडलें. हवेचें चाक साऱ्या अंगणाच्या टोंकापर्यंत गेलें आणि फाटकावर आदळून उलट परत आलें.

मुलाचे हाल कमी व्हावे एवढ्यासाठींच हा खटाटोप होता असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. तें अर्धेंच खरें आहे. त्या अंगणांतल्या प्रयोगांत मऊपणाची परीक्षा झालीच नव्हती. परीक्षा झाली ती चाक किती दूर जातें याची. ओझें वर उचलण्यांत जी शक्ति वायां जात होती ती हवेनें वांचविली, हें त्या पशुवैद्याच्या ध्यानीं आलें, आणि हीच गोष्ट महत्त्वाची होती. हवेच्या नळीखालीं खडा आला म्हणजे नळी तेवढ्याच जागीं आंत दबते, खड्याला पोटांत घेते, आणि चाकाचा आंस जवळजवळ आपल्या पातळींतच राहतो.

१८८८ च्या आरंभीं जॉनीच्या सायकलीस हवेचीं चाकें बसलीं, आणि त्या पोरानें ती रात्रींच बाहेर काढून पळविली. त्या वर्षाच्या जुलै महिन्यांत डनलॉपनें पेटंटासाठीं अर्ज केला व ७ डिसेंबर रोजीं तें त्यास मिळालें. पण जग एका पेटंटानें हलत नाहीं. त्या जाड, फुगीर चाकांना पाहून बघणारे हंसत. १८ मे १८८९ या दिवशीं बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडासमारंभांत विली ह्यूम नांवाचा एक स्वार अशी सायकल घेऊन उतरला. तो काहीं पहिल्या प्रतीचा शर्यतपटु म्हणून गाजलेला नव्हता. लोकांनीं त्याची थट्टा केली, आणि ह्यूमनें चारहि शर्यती जिंकल्या. लागलीच तो लिव्हरपूलला गेला व तेथेंहि एक सोडून साऱ्या शर्यती त्यानें जिंकल्या. हंसणें तेथेंच थांबलें.

ह्यूमकडून हरलेल्या तरुणांमध्यें डब्लिनचे व्यापारी हार्व्हे ड्यू क्रॉस यांचे मुलगे होते. बापानें मुलांच्या पराभवाचा राग न धरतां त्या चाकाची चौकशी केली! १८८९ मध्येंच डब्लिन येथें त्यांच्या नेतृत्वाखालीं एक कंपनी उभी राहिली व डनलॉपनें आपलें पेटंट तिच्या हवालीं केलें. धंदा झपाट्यानें वाढूं लागला. इतका कीं, रबराच्या व नॅप्थाच्या वासाबद्दल डब्लिनच्या नागरिकांनीं तक्रारी केल्या, आणि पुढें कारखान्याचें काम कॉव्हेंट्रीकडे गेलें.

परंतु १८९० मध्यें मोठें विघ्न आलें. डनलॉपचें पेटंट कायद्यापुढें टिकणारें नाहीं असें उघडकीस आलें, कारण तोच शोध पूर्वींच एकानें लावून नोंदविला होता. रॉबर्ट विल्यम थॉमसन हा तो मनुष्य. तोहि स्कॉटलंडचाच, १८२२ मध्यें स्टोनहेव्हन येथें जन्मलेला. वयाच्या तेविसाव्या वर्षीं, म्हणजे १८४५ मध्यें, त्यानें हवा भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें होतें. रबर लावलेल्या किंतानाची नळी व तिच्यावर चामड्याचें आवरण अशी त्याची रचना होती, आणि १८४७ मध्यें लंडनच्या रीजेंट्स पार्कमध्यें घोड्यांच्या गाड्यांना तीं चाकें लावून त्यानें लोकांस दाखविलींहि. तीं चांगलीं चालत. पण त्या काळीं सायकल नव्हती, मोटार नव्हती, पातळ रबर महाग पडे, आणि घोडागाडीच्या मालकास एवढा खर्च करण्याचें कारण दिसेना. थॉमसननें अखेर तो नाद सोडला. पुढें त्यानें भरीव रबराच्या चाकांचें वाफेचें इंजिन काढलें. १८७० नंतर रावळपिंडीच्या बाजूस सरकारी सडकेवर क्रॉम्प्टन या अधिकाऱ्यानें तशीं इंजिनें चालविलीं होतीं, एवढा त्याचा आमच्या देशाशीं संबंध आला. १८७३ मध्यें तो वारला. डनलॉपचें चाक अंगणांत धांवलें त्याच्या चौदा वर्षें आधीं.

डनलॉपनें थॉमसनची कल्पना चोरली काय? तसा पुरावा नाहीं. थॉमसनचें पेटंट इतकें विसरलें गेलें होतें कीं, पेटंट देणाऱ्या कचेरीच्याहि तें लक्षांत आलें नाहीं. दोघांनीं आपापल्या परीनें तीच गोष्ट शोधिली. पहिला मान थॉमसनचा, यांत वाद नाहीं; हवेचें चाक घरोघर पोंचलें तें मात्र डनलॉपच्या अंगणांतून. ज्यांना शाळेंत एकच उत्तर पाठ करावयाचें असतें त्यांना असें दुहेरी उत्तर आवडत नाहीं, पण त्यास इलाज नाहीं.

कंपनी मात्र बुडाली नाहीं. चार्लस् किंगस्टन वेल्च यानें १८९० मध्यें टायरच्या कडांत तार घालून तो मध्यें खोलगट असलेल्या चाकावर बसविण्याची युक्ति काढली. त्याच वर्षीं विल्यम बार्टलेट यानें कडेला अडकणाऱ्या टायरची दुसरी रीति शोधिली. डनलॉपचा मूळ टायर चाकाला चिकटविलेला असे, व एक पंक्चर काढावयास भला वेळ लागे. आतां टायर हातांनीं काढतां घालतां येऊं लागला. कंपनीनें हीं दोन्ही पेटंटें विकत घेतलीं. शिवाय वुड्स याचा वॉल्व आला. आमच्या साध्या सायकलीच्या नळीवर बारीक रबरी नळी चढविलेला जो वॉल्व असतो तो याच जातीचा.

येथें थोडें विषयांतर करणें अवश्य आहे, कारण हवेच्या चाकानें जुनें एक दुःख घालवून नवें एक भय आणलें. पहिले टायर गुळगुळीत असत. कोरड्या रस्त्यावर ते छान पकड घेत. रबर रस्त्याच्या बारीक खडबडींत शिरतें आणि गुळगुळीत टायराचें रबर सर्वांत जास्त जागेवर टेंकतें. परंतु लंडनच्या ओल्या दगडी व लांकडी रस्त्यांवर चिखल व घोड्यांची लीद पसरलेली असे, आणि तेथें सायकल व पुढें मोटार एकाएकीं आडवी घसरे. याला उपाय म्हणून कोणी टायरवर पोलादी खिळ्यांचे चामड्याचे पट्टे चढविले, कोणी रबरांतच खांचा पाडल्या. खांचांचा मार्ग टिकला. त्या शोभेसाठीं नसतात. टायरखालीं सांपडलेल्या पाण्यास पळून जावयास त्या वाटा असतात. वाट नसेल किंवा झिजून उथळ झाली असेल, आणि गाडी वेगांत असेल, तर पाणी पुढें पाचरीसारखें सांचतें, चाकाला उचलून धरतें, व चक्र फिरविलें तरी गाडी ऐकत नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील संशोधकांनीं विमानांच्या चाकांवर प्रयोग करून याचा ठोकताळा बसविला: खांचांनीं पाण्याचा निचरा होत नसेल, तर ३० पौंड दाबाची हवा असलेला टायर ताशीं सुमारें ९० किलोमीटरवर पाण्यावर तरंगूं लागतो, आणि २० पौंडांचा सुमारें ७५ वरच. म्हणजे पावसाळ्यांत हवा कमी ठेवली तर पकड वाढते ही जी समजूत पुष्कळ मोटारवाल्यांची आहे ती उलटी आहे. सायकलीचा टायर अरुंद व जास्त दाबाचा असल्यामुळें तो असा तरंगत नाहीं; सायकल घसरते ती पहिल्या पावसांत तेल व धूळ मिळून जो राप रस्त्यावर येतो त्यानें.

मोटारीचा प्रत्येक टायर रस्त्यास टेंकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. थांबणें, वळणें, उतारावर सांवरणें, हें सारें त्या चार तळहातांवर अवलंबून. म्हणून पालकांनीं खांचा पाहाव्या. मोटारीच्या टायरांत खांचेच्या तळाशीं लहान उंचवटे ठेवलेले असतात, व रबर झिजून त्यांच्या बरोबरीस आलें म्हणजे खोली १.६ मिलिमीटरच उरली असें समजावें. दोनच टायर नवे घ्यावयाचे असतील तर ते मागें घालावे. पुढचीं चाकें घसरलीं तर गाडी सरळ जाते व वेग कमी करून सांवरतां येते. मागचीं घसरलीं तर ती गरकन् फिरते, आणि मग सांवरणें तरबेज माणसालाहि कठीण. कमानींकडेहि दुर्लक्ष नको. जें चाक उसळून हवेंत आहे तें ना थांबवूं शकतें, ना वळवूं शकतें. फार ताठ कमानी गुळगुळीत कोरड्या रस्त्यावर बऱ्या वाटतात, पण खड्ड्यांच्या ओल्या रस्त्यावर त्याच चाकाला उड्या मारावयास लावतात. कमानीची उसळी शमविणारें तेलाचें नळकांडें थकलें असेल तर गाडीचा कोपरा हातानें दाबून सोडावा. ती एकदां वर येऊन स्थिर न होतां डुलतच राहिली, तर कारागिराकडे न्यावी. डनलॉपच्या अंगणांतली हवेची नळी ही या साऱ्या रचनेंतली पहिली व सर्वांत हलकी कमान आहे. बाकीच्या तिच्यानंतर येतात.

आतां चरित्राकडे वळूं. डनलॉप मे स्ट्रीट सोडून डब्लिन येथें राहावयास गेला. कंपनीच्या चालकांशीं त्याचें फार जमलें नाहीं; १८९५ मध्यें त्यानें तिचा संबंध सोडला. पुढच्याच वर्षीं अर्नेस्ट हूली नांवाच्या एका सट्टेबाज धनिकानें ती कंपनी तीस लक्ष पौंडांस विकत घेतली व पन्नास लक्षांच्या भांडवलानें पुन्हां लोकांपुढें मांडली. त्या रकमेंत मूळ पुरुषाचा वांटा नव्हता. त्यानें तक्रार करीत दिवस काढले नाहींत. डब्लिनमधील एका कापडाच्या दुकानाचा तो भागीदार-संचालक होता, व तें काम तो पाहत राहिला.

एका गोष्टीनें मात्र त्या शांत माणसालाहि कोर्टाची पायरी चढावी लागली. त्याची दाढी असलेली मुद्रा कंपनीच्या मालावर छापली जात असे. पुढें जाहिरातींत त्याचें डोकें एका उंच, नटव्या माणसाच्या धडावर बसवून, अंगांत छानछोकीचा पोषाख घालून, तो जणू थिल्लर म्हातारा आहे असें चित्र रंगविण्यांत येऊं लागलें. साधेपणानें जन्म काढलेल्या माणसास हें सहन झालें नाहीं. अब्रूच्या बचावासाठीं त्यानें आपल्याच नांवाच्या कंपनीवर आयर्लंडांत फिर्याद केली, आणि इंग्लंडांतील कंपनीस आयर्लंडच्या कोर्टापुढें ओढतां येतें कीं नाहीं हा प्रश्न थेट लंडनच्या लॉर्डांच्या सभेपर्यंत गेला. वकिलीच्या पुस्तकांत डनलॉप विरुद्ध डनलॉप रबर कंपनी असें त्या खटल्याचें विलक्षण नांव आहे.

१९२१ च्या ऑक्टोबरमध्यें त्याला सर्दी बाधली, व २३ तारखेस डब्लिन येथें तो अकस्मात् वारला. तेथील डीन्सग्रेंज स्मशानभूमींत त्याला पुरलें आहे. हवेच्या टायराचा इतिहास त्यानें स्वतः लिहून ठेविला होता. तो त्याच्या मागें मुलीनें प्रसिद्ध केला. १९३६ मध्यें त्याच्या नांवाच्या कंपनीनें बंगालमध्यें हुगळीकांठीं साहागंज येथें कारखाना काढला, आणि हवेचीं चाकें बैलगाड्यांसहि लागूं लागलीं. उत्तरेंत कित्येक ठिकाणीं रबरी चाकांच्या गाडीला नुसतें डनलॉप असेंच म्हणतात. आमच्याकडे कोल्हापूर-सांगलीच्या बाजूस उसाच्या मोळ्या घेऊन कारखान्याकडे जाणारी टायरगाडी पुष्कळांनीं पाहिली असेल. लोखंडी धांवेच्या गाडीहून पुष्कळ जास्त ओझें त्याच दोन बैलांना तींत ओढतां येतें.